मांडवातून नदीकडे : 'शारदा'ची गोष्ट
(मोठ्या गटासाठी)

मुलामुलींनो, तुमच्यापैकी काहीजणी इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकथा आवडीने वाचता. त्यांत नवरी ऐन लग्नातून पळते आणि वाटेत तिला मनाजोगा जोडीदार भेटतो. "मराठीत असलं काही नाही का?" असं गेल्या रविवारी एकीने विचारलं. आहे की! गोविंद बल्लाळ देवल यांचं 'संगीत शारदा' हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ साली रंगभूमीवर आणलं.

भुजंगनाथ हा श्रीमंत म्हातारा. वय पाऊणशे. (पाऊणशे म्हणजे शंभराला पंचवीस कमी, पाव, अर्धा, पाऊण आपण मागे शिकलो आहोत.) त्याला पुन्हा लग्न करायचं आहे. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ त्याला मुलगी शोधून देतो, आणि कांचनभट पैशाच्या लोभाने आपली लेक शारदा द्यायला तयार होतो. आईचा जीव तुटतो, पण तिचं कोण ऐकणार? शारदेला तर कोणी विचारतच नाही.

कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडायचं ठरवतो आणि भर मांडवात येऊन सांगतो की नवरा-नवरी सगोत्र आहेत. म्हणजे दोघांचं गोत्र एक, आणि शास्त्राप्रमाणे असं लग्न चालत नाही. लग्न थांबतं. इथे आम्ही वर्गात जरा रेंगाळलो. मुलीची इच्छा नाही, नवरा आजोबांच्या वयाचा आहे, हे कोणालाच पुरेसं कारण वाटलं नाही. गोत्र मात्र पुरलं!

शारदेची सुटका झाली का? नाही. अर्धवट मोडलेल्या लग्नाची मुलगी त्या काळी कोण करून घेणार? ती घर सोडून निघते ती जीव द्यायला, नदीवर. तिथे कोदंड तिला वाचवतो, आणि शेवटी शंकराचार्यांच्या संमतीने दोघांचं लग्न होतं. लग्न मोडायला आलेलाच नवरदेव झाला! आम्हाला हा शेवट थोडा घाईचा वाटतो, पण प्रेक्षकांना तो फार आवडत असे.

"ती सरळ 'नाही' का म्हणाली नाही?" हा प्रश्नही आला. तसं म्हणणारी एक खरी मुलगी होती, रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. नवरा कोर्टात गेला. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे ती लंडनला येऊन डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोटला तिने काम केलं. तिच्या गोष्टीत कोदंड नाही.

जाता जाता : १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात. त्यात मुलीचं किमान वय १४ ठेवलं होतं. हे नाव नाटकावरून आलं असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ते अजमेरच्या हरविलास सारडा यांच्यावरून आलं.

शब्द : नांदणे, सगोत्र, मांडव, बोहला, अंतरपाट. शेवटचे दोन घरी आजीला विचारा.

गृहपाठ : नदीवर कोदंड आलाच नाही, पण शारदा परत फिरली, असं समजा. ती कोणाच्या दारी गेली असती? दहा ओळी लिहा.