परसातील झाडांवर चढणारी मिकानिया वेल : ओळख, निर्मूलन आणि पाठपुरावा

कुरुक्षेत्रावरील युद्ध संपल्यानंतर धृतराष्ट्राने भीमाला आलिंगनासाठी पुढे बोलावले, श्रीकृष्णाने भीमाऐवजी लोखंडी पुतळा पुढे केला आणि त्या मिठीत पुतळ्याचा चुरा झाला, ही महाभारतातील कथा सर्वपरिचित आहे. केरळमध्ये परदेशातून आलेल्या एका वेलीला याच कथेवरून 'धृतराष्ट्र पच्च' असे नाव मिळाले आहे. मल्याळम भाषेत 'पच्च' म्हणजे हिरवे. वरून पाहता ही वेल झाडाला मायेने कवटाळल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तिच्या मिठीतील झाड हळूहळू मरते. या वेलीचे शास्त्रीय नाव मिकानिया मायक्रॅन्था असे आहे.

केरळमधील घराभोवतीचा परस, ज्याला तेथे 'पुरयिडम' म्हणतात, हा कुटुंबाच्या उपजीविकेचा मोठा आधार असतो. नारळ, सुपारी, फणस, आंबा, जायफळ आणि त्यांच्या बुंध्यांवर चढवलेली मिरवेल अशी त्याची रचना असते. अशा परसातील एखादा जुना फणस मिकानियाने झाकला गेला, तर फणसाबरोबर त्याच्यावरील मिरीचे उत्पन्नही हातचे जाते. बहुतेक कुटुंबे दरवर्षी वेल ओढून काढतात आणि पुढील पावसाळ्यात ती पुन्हा शेंड्यापर्यंत पोहोचलेली दिसते. येथे दोष कष्टांचा नसून पद्धतीचा आणि वेळेचा आहे. ही वेल झाडावर दिसत असली तरी तिचे बळ जमिनीत असते. म्हणून तिचे निर्मूलन शेंड्याकडून नव्हे, तर बुंध्याकडून आणि ऋतू पाहून करावे लागते.

वेलीची ओळख

मिकानिया ही सूर्यफुलाच्या कुळातील बहुवर्षायू वेल असून मध्य व दक्षिण अमेरिकेचा उष्ण प्रदेश हे तिचे मूळस्थान आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या धावपट्ट्या शत्रूच्या नजरेआड ठेवण्यासाठी ती ईशान्य भारतात आणली गेली, असे सांगितले जाते. चहाच्या मळ्यांत जमीन झाकणारी वनस्पती म्हणूनही तिचा उल्लेख येतो. आज आसाम व ईशान्येकडील अन्य राज्ये, पश्चिम बंगाल, केरळ आणि अंदमान बेटे येथे तिचा उपद्रव आहे. शेजारील नेपाळमध्ये चितवन राष्ट्रीय उद्यानातील गेंड्यांच्या अधिवासालाही तिने ग्रासले आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाशी संबंधित 'जगातील १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक परकीय प्रजाती' या यादीत तिचा समावेश आहे.

तिची पाने हृदयाच्या आकाराची, टोकाशी निमुळती व कडेने दातेरी असतात. ती प्रत्येक पेरावर समोरासमोर, जोडीने येतात. फुले बारीक, पांढरट असून झुपक्यांनी येतात व प्रत्येक लहान शीर्षात चारच पुष्पके असतात. बी अतिशय हलके असून त्याला केसांचा पिसारा असल्याने ते वाऱ्याबरोबर दूर जाते.

कोयता हाती घेण्यापूर्वी ही ओळख पक्की असणे अत्यावश्यक आहे, कारण त्याच बुंध्यावर उपयुक्त वेलीही असतात. मिरवेलीची पाने एकाआड एक येतात आणि तिच्या पेरांवरील आखूड मुळ्या सालीला चिकटलेल्या असतात. गुळवेलीचे पान हृदयाकृती असल्यामुळे गोंधळ होऊ शकतो. मात्र तिचीही पाने एकाआड एक असतात व जुन्या खोडावर बुचासारखी खडबडीत साल असते. मिकानियाला ना चिकटणाऱ्या मुळ्या असतात, ना ताणे. ती केवळ आधाराभोवती पिळे घालत वर जाते. समोरासमोरील पाने आणि पिळे घालणारे खोड या दोन खुणा एकत्र दिसल्याशिवाय कोणतीही वेल कापू नये.

झाडाचे नुकसान कसे होते

मिकानिया ही अमरवेलीसारखी परजीवी नाही. ती झाडाचा रस शोषत नाही. स्वतःच्या मुळांवर जगते. तरीही झाड मरते, याची कारणे तीन आहेत. पहिले कारण प्रकाशाचे. वेलीला भरपूर ऊन लागते, म्हणून ती झाडाच्या माथ्यावर पसरते आणि खालील पानांना सावलीत टाकते. अनुकूल हवामानात कोवळी वेल एका दिवसात ८ ते ९ सेंटिमीटर वाढू शकते. दुसरे कारण भाराचे. पावसात भिजलेल्या हिरव्या पसाऱ्याच्या वजनाने कोवळ्या फांद्या वाकतात वा मोडतात. तिसरे कारण जमिनीतील स्पर्धेचे. बुंध्याभोवतीचे पाणी व अन्नद्रव्ये दोघांत वाटली जातात आणि त्यात लहान झाडाची उपासमार अधिक होते.

दरवर्षी वेल परत का येते

याचे उत्तर वेलीच्या पेरात आहे. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून मुळे फुटू शकतात व त्यापासून स्वतंत्र रोप तयार होते. भर पावसात वेल झाडावरून ओढली, तुकडे करून कुंपणापाशी टाकली, की परसात एका वेलीच्या जागी अनेक वेलींची लागवड झाल्यासारखे होते. त्यातच फुलोऱ्यानंतर वेल ओढल्यास सुकलेले बी सर्वत्र झटकले जाते. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत फुले व बी येण्याचा काळ असतो. नेमके तेव्हाच माथ्यावरील पांढरा फुलोरा डोळ्यांत भरतो आणि सफाई हाती घेतली जाते. ही वेळ सर्वांत गैरसोयीची ठरते.

निर्मूलनाची पद्धत

मुख्य कापणी मान्सूनपूर्व काळात, एप्रिल-मे महिन्यांत करावी. तेव्हा जमीन कोरडी असते, कापलेले तुकडे लवकर सुकतात आणि नव्या फुटीचा जोर कमी असतो. मान्सूनच्या आगमनानंतर मिरीला फुलोरा येतो. त्यापूर्वी मिरवेल मोकळी झालेली असल्यास तिला प्रकाश मिळतो. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. पाहणी : झाडाभोवती फिरून वेलीची सर्व खोडे जमिनीपर्यंत शोधावीत. बहुधा एका माथ्यावरील पसारा अनेक ठिकाणांहून वर आलेला असतो. विजेची तार, गांधीलमाश्यांचे पोळे आणि पसाऱ्यात दडलेले साप यांची खात्री करूनच पुढे जावे. पायात बूट व हातात मोजे असावेत.

२. दुहेरी काप : प्रत्येक खोड एकदा जमिनीलगत आणि एकदा छातीच्या उंचीवर कापावे व मधला तुकडा काढून टाकावा. या मोकळ्या पट्ट्यामुळे एखादे खोड सुटले असल्यास लगेच दिसते आणि खालून फुटणाऱ्या नव्या शेंड्याला वरच्या वाळलेल्या वेलीचा आधार मिळत नाही. काप देताना झाडाच्या सालीला इजा होऊ देऊ नये. फणसाच्या सालीवरील जखमेतून चीक वाहतो व बुरशीला वाट मिळते; नारळाच्या खोडावरील जखम सोंड्या भुंग्याला अंडी घालण्यास जागा देते. जेथे मिरवेल व मिकानिया एकमेकींत गुंतल्या असतील, तेथे कोयत्याऐवजी लहान कात्री वापरावी.

३. वरचा भाग तसाच ठेवणे : कापल्यानंतर माथ्यावरील हिरवी वेल ओढू नये. ओले पिळे घट्ट असतात. त्यांच्याबरोबर डहाळ्या, कळ्या व मिरीचे कोवळे शेंडे तुटून येतात. फणसाला फळे बुंध्यावर व जाड फांद्यांवर धरतात, त्यामुळे तेथे ओढाताण केल्यास हाती आलेले फळही गळते. दोन ते तीन आठवड्यांत वेल सुकते. मग ती हलक्या हाताने सोडवावी. ज्या उंचीवर हात पोहोचत नाही, तेथील सुकलेला भाग वाऱ्यापावसाने आपोआप गळतो. त्यासाठी झाडावर चढण्याचा धोका पत्करू नये. एखादा भाग हिरवाच राहिला, तर फांदीच्या बेचक्यातील कुजलेल्या पाल्यात त्याने मूळ धरले आहे किंवा एखादे खोड कापायचे राहिले आहे, असे समजावे.

४. मुळे काढणे : बुंध्याभोवती सुमारे एक ते दीड मीटर परिघातील वेलीची मुळे व जमिनीवर सरपटणारी खोडे खुरप्याने उचलून काढावीत. मिकानियाची मुळे फार खोल नसल्याने हे काम हाताने होते. कुदळीने खोल खणल्यास झाडाची अन्न शोषणारी वरची मुळे तुटतात, म्हणून ते टाळावे.

५. विल्हेवाट : हिरवे तुकडे कुंपणावर, ओढ्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. सिमेंटच्या अंगणात, जांभ्या दगडाच्या सड्यावर किंवा ताडपत्रीवर पसरून ते हाताने चुरा होईपर्यंत वाळवावेत. त्यानंतरच खतात मिसळावेत. फुलोरा वा बी असलेला भाग न झटकता पोत्यात भरावा व खोल खड्ड्यात पुरावा.

पाठपुरावा

एप्रिल-मेमधील कापणी हे कामाचे पहिले पर्व होय. दुसरे पर्व पावसाळ्यात येते. जून ते सप्टेंबर या काळात दर तीन आठवड्यांनी बुंध्याभोवती नजर टाकावी व उगवलेली रोपे वीतभर होण्यापूर्वी उपटावीत. एका झाडासाठी या कामास काही मिनिटेच लागतात. मात्र दोन-तीन फेऱ्या चुकल्यास वेल पुन्हा फांद्यांपर्यंत पोहोचते. तिसरे पर्व फुलोऱ्यापूर्वीचे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संपूर्ण परसाची, विशेषतः कुंपण, पाण्याची वाट व पडीक कोपरे यांची एक फेरी करून कळ्या धरण्याआधी उरलेली वेल कापावी. हा क्रम किमान दोन पावसाळे अखंड चालवावा.

मिकानियाला दाट सावली सोसत नाही, हा तिचा दुबळेपणा आहे. मोकळी केलेली जमीन उघडी ठेवल्यास ती वेलीलाच निमंत्रण ठरते. म्हणून झाडाखाली वाळलेल्या पानांचे जाड आच्छादन करावे. ते बुंध्याला टेकणार नाही एवढे अंतर राखावे. परिघाबाहेर हळद, आले किंवा अळू यांसारखी सावलीत येणारी पिके घेतल्यास जमीन झाकली जाते, घरात उत्पन्न येते आणि निंदणीच्या निमित्ताने वेलीवर लक्षही राहते.

तणनाशके व जैविक नियंत्रण

परसातील झाडावर चढलेल्या वेलीवर तणनाशक फवारणे योग्य नाही. फवारा झाडाच्या पानांवर, मिरवेलीवर, भाजीपाल्यावर आणि विहिरीच्या पाण्यातही जाऊ शकतो. ग्लायफोसेटचा वापर केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करता येईल, असे बंधन केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातले होते. घरगुती परसासाठी हाताने केलेले निर्मूलन हाच सुरक्षित मार्ग आहे.

जैविक नियंत्रणाचा प्रयत्नही भारतात झाला. पक्सिनिया स्पेगाझिनी ही केवळ मिकानियावर वाढणारी तांबेरा बुरशी २००५ मध्ये आसामात व २००६ मध्ये केरळात सोडण्यात आली. परंतु ती येथे टिकून राहिली नाही. पापुआ न्यू गिनी व फिजी येथे मात्र तिने मूळ धरले. आज तरी भारतीय शेतकऱ्याला या बुरशीवर विसंबून राहता येत नाही.

शेजार आणि नवी रोपे

बी वाऱ्याने येते, त्यामुळे एका घराने परस स्वच्छ ठेवला व शेजारच्या पडीक जागेत वेल फुलली, तर कष्ट वाया जातात. एका वाडीतील घरांनी फुलोऱ्यापूर्वीची फेरी एकाच आठवड्यात घेतल्यास तिचा परिणाम अधिक टिकतो. मालक दूर राहत असलेल्या जागांसाठी त्यांची संमती घेऊन हे काम वाटून घ्यावे.

कोकण व गोव्यातील बागायतदारांसाठीही यात धडा आहे. तेथील दमट हवा, सुपारी-नारळाच्या बागा आणि बुंध्यावरील मिरवेल ही रचना केरळच्या परसाशी मिळतीजुळती आहे. दक्षिणेकडून मिरी, जायफळ किंवा शोभेची रोपे आणताना पिशवीतील मातीत समोरासमोर पाने असलेले कोवळे वेल दिसल्यास ते लागवडीपूर्वीच उपटून वाळवावेत. पिशवीतील एक रोप उपटण्यास क्षण पुरतो. तेच रोप फणसाच्या माथ्यावर पोहोचल्यास दोन पावसाळ्यांचे काम मागे लागते.

सारांश असा की, वेल बुंध्याशी कापावी, माथ्यावर सुकू द्यावी, मुळांसह उचलावी, वाळवल्याशिवाय टाकू नये आणि फुलोऱ्यापूर्वी पुन्हा एकदा पाहावी. या क्रमात खर्च जवळपास नाही. लागते ते सातत्य. फणसासारखे झाड एका पिढीने लावलेले असते व पुढच्या पिढीला फळ देते. त्याच्या माथ्यावर ऊन पोहोचत राहील एवढी काळजी दर पावसाळ्यात घेतल्यास, त्या झाडाचा आणि त्यावरील मिरीचा आधार कुटुंबाला दीर्घकाळ लाभतो.