गाडी धुणं: रंगाला ओरखडा न पडता, गिऱ्हाईक न गमावता

वॉशिंग सेंटर टाकायचं म्हटलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "सर, मशीन कुठलं घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं. मशीन नंतर बघू, आधी सांगा की तुम्ही नेमकं काय धुणार आहात? "गाडी" असं उत्तर आलं तर ते अर्धंच बरोबर. तुम्ही धुणार आहात गाडीचा रंग. तो रंग गिऱ्हाइकाचा आहे आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत. तो खराब झाला तर गिऱ्हाईक तुमच्याशी भांडत बसणार नाही, गपचूप दुसरीकडे जाईल आणि जाताना चार जणांना सांगेल.

व्हिडिओत हात कसा फिरवायचा ते दिसतं. इथे त्यामागची कारणं बघू. कारण कळलं की कामाला ठेवलेल्या पोरालाही नीट शिकवता येतं.

१. रंग म्हणजे नक्की काय?

आपल्या नाशिकमध्येच महिंद्राच्या कारखान्यात गाड्या तयार होतात, त्यामुळे "फॅक्टरी पेंट" हा शब्द आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असतो. हा रंग साधारण चार थरांचा असतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी होते साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट असतो ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षाही पातळ थरावर उभी आहे!

कारखान्यात हा थर साधारण १४० अंशांच्या भट्टीत पक्का होतो. बाहेर गॅरेजमध्ये रंग मारताना गाडीत वायरिंग, प्लास्टिक, रबर सगळं बसलेलं असतं, त्यामुळे तेवढी उष्णता देताच येत नाही. म्हणून मूळ रंग एकदा गेला की तसाच्या तसा परत आणणं अवघड असतं. पॉलिश मारून ओरखडे जातात हे खरं. पण पॉलिश म्हणजे काय, तर क्लिअर कोट थोडा घासून कमी करणं. ते किती वेळा करणार?

२. ओरखडे पाण्याने नाही, धुळीने पडतात

काळी गाडी उन्हात उभी करा. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल-गोल बारीक रेषा दिसतात ना? त्यांना आपल्या धंद्यात स्वर्ल मार्क म्हणतात. बहुतेक वेळा त्या चुकीच्या धुण्या-पुसण्यातूनच येतात. धूळ म्हणजे बारीक वाळू आणि दगडाचा चुरा. कोरडं फडकं मारलं की तोच चुरा पॉलिश पेपरसारखा रंगावर घासला जातो. रोज सकाळी सोसायटीत एकाच बादलीत आणि एकाच फडक्यात दहा गाड्या पुसल्या जातात, तिथे नेमकं हेच होतं. पहिल्या गाडीची माती दहाव्या गाडीला लागते.

म्हणून आपलं सूत्र एकच: आधी माती सोडवा, मग हात लावा.

३. आपल्याकडची घाण ओळखा

यूट्यूबवरचे परदेशी व्हिडिओ चांगले असतात, पण त्यांची घाण वेगळी आणि आपली वेगळी.

- कामाची धूळ: २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची आणि बांधकामाची कामं चालू आहेत. त्या धुळीत सिमेंटही असतं. ओलं होऊन वाळलं की ते घट्ट बसतं. खरवडायचं नाही, भिजवायचं.
- पावसाळी चिखल: इगतपुरी, त्र्यंबककडून आलेली गाडी खालून चिखलाने लिंपलेली असते. चाकांच्या कमानीत आणि दारांच्या खालच्या पट्टीवर खडे असतात. हा भाग सगळ्यात शेवटी, वेगळ्या मिटने धुवा.
- द्राक्षबागेची फवारणी: दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडच्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर बोर्डोचे निळसर-पांढरे ठिपके येतात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. वाळलेला चुना नखाने काढला की ओरखडा ठरलेलाच. ओलं फडकं ठेवून मऊ करा. तरीही डाग राहिला तर क्षार काढायचं लिक्विड आधी कोपऱ्यात लावून बघा, मगच पुढे जा.
- पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक: विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात ती क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडते. ओला टिश्यू पाच-दहा मिनिटं ठेवा आणि अलगद उचला. पुसायचं नाही, उचलायचं.
- बोअरचं पाणी: आपल्या काळ्या कातळातलं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळला की पांढरं कडं उरतं. म्हणून गाडी स्वतःहून वाळू द्यायची नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

४. साहित्य: कमी, पण बरोबर

१. दोन बादल्या रंगासाठी आणि एक वेगळी बादली चाकांसाठी. रंगाच्या दोन्ही बादल्यांच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली माती परत वर येत नाही.
२. मायक्रोफायबरचे वॉश मिट: निदान दोन वरच्या भागासाठी, एक खालच्या भागासाठी.
३. गाडीचा न्यूट्रल पीएच शाम्पू. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको. त्याने गाडीवरचं वॅक्स निघून जातं आणि न विरघळलेले कण घासले जातात.
४. प्रेशर वॉशर आणि रुंद फवारा देणारं नोझल. एका बारीक धारेचं नोझल रंगावर कधीच वापरायचं नाही.
५. सुकवायला जाड मायक्रोफायबर टॉवेल.

जुना बनियन, स्पंज, पिसांचा झाडू आणि डिझेल, या चार गोष्टी सेंटरमध्ये ठेवूच नका. डिझेल मारलेली गाडी तासभर चमकते खरी, पण डिझेलने रबर खराब होतं आणि त्यावर धूळ दुप्पट चिकटते.

५. पद्धत: क्रम मोडायचा नाही

पहिलं, गाडी सावलीत आणि थंड. बॉनेटला हाताची मागची बाजू लावा. चटका बसला तर थांबा. गरम पत्र्यावर शाम्पू लगेच वाळतो आणि डाग पडतात. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर काम घ्या.

दुसरं, गिऱ्हाइकासमोर फेरी. गाडीभोवती फिरून आधीचे ओरखडे आणि डेंट मोबाईलवर टिपा आणि गिऱ्हाइकाला दाखवा. "दादा, मागच्या बंपरला आधीचा ओरखडा आहे, बघून घ्या." सोबत विचारा, कुठला भाग रीपेंट केलाय का? पीपीएफ किंवा मॅट फिनिश आहे का? दोन मिनिटांत पुढचं भांडण मिटतं.

तिसरं, चाकं. चाकांवर ब्रेकची लोखंडी पूड असते. त्यांचा ब्रश, बादली आणि फडकं रंगाच्या जवळपासही नेऊ नका.

चौथं, नुसतं पाणी. छपरापासून खाली या. नोझल रंगापासून दीड-दोन फूट लांब धरा आणि सतत हलतं ठेवा. स्टिकरच्या कडा, उडालेल्या रंगाच्या कडा, दारांचं रबर, सेन्सर यांवर जवळून धार मारू नका. सुटलेल्या कडेखाली पाणी शिरलं तर रंगाचा पापुद्राच उडतो.

पाचवं, फोम. तीन ते पाच मिनिटं ठेवा. फोम माती ढिली करून खाली ओढतो. तो वाळायच्या आत पाण्याने उतरवा. निम्मं काम इथेच होतं, आणि तेही हात न लावता.

सहावं, दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळखळून माती सोडा, पिळा आणि मग परत शाम्पूत. क्रम असा: छप्पर, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालची पट्टी. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नाही. जोर द्यायचा नाही, मिटचं वजन पुरे. मिट जमिनीवर पडला की तो बाद. स्वच्छ धुतल्याशिवाय परत गाडीला लावायचा नाही.

सातवं, शेवटचं पाणी आणि लगेच सुकवणं. टॉवेल पसरून ठेवा आणि हलकेच ओढून घ्या. रगडू नका. आरसे आणि हँडलमधलं पाणी ब्लोअरने काढा, नाहीतर गाडी निघाली की तिथूनच ओघळ येतात. टॉवेल धुताना कापड मऊ करायचं लिक्विड घालू नका, त्याने टॉवेल पाणी शोषत नाही.

६. आता हिशोब

"सर, एवढं केलं तर परवडतं का?" वही काढा. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या भागातले आकडे तुम्ही भरा.

समजा मदतनीसाला ८ तासांचे ५०० रुपये रोज. एका गाडीला ५० मिनिटं, म्हणजे ५२ रुपये. शाम्पू १२, मिट आणि टॉवेलची झीज १०, वीज ६, पाणी १६. झाले ९६. भाडं आणि बाकी खर्च महिन्याला ९,०००, महिन्याचे २६ दिवस, रोज ६ गाड्या, म्हणजे गाडीमागे ५८. एकूण १५४ रुपये. तुम्ही २०० घेतले तर हातात ४६ उरतात.

घाईत केलं तर १० मिनिटं वाचतील आणि मिटऐवजी फडकं वापरलंत तर अजून दहा रुपये. म्हणजे गाडीमागे वीस रुपये जास्त. पण एका गाडीच्या बॉनेटवर ओरखडे आले आणि पॉलिशचे ३,००० रुपये तुमच्या गळ्यात पडले, तर? ३,००० भागिले ४६. ६५ गाड्यांचा नफा गेला. रोज सहा गाड्यांच्या हिशोबाने जवळजवळ ११ दिवस तुम्ही फुकट राबलात. आणि ते गिऱ्हाईक तर गेलंच.

वीस रुपये वाचवून तीन हजारांची जोखीम घेणं, याला मी धंदा म्हणत नाही. उलट हीच पद्धत तुमची जाहिरात आहे. दोन बादल्या गिऱ्हाइकाला दिसतील अशा ठेवा. एकदा साध्या पाण्याच्या बादलीचा तळ दाखवा आणि म्हणा, "ही माती तुमच्या रंगावर घासली गेली असती." पन्नास रुपये जास्त का, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

७. पाणी जातं कुठे?

गोदावरीत गाड्या धुवायला महापालिकेची बंदी आहे, हे आपल्याला माहीत आहे. पण तुमच्या सेंटरचं तेलकट पाणी उघड्या गटारातून नासर्डीत गेलं तर ते शेवटी गोदावरीतच जातं. जागा बघतानाच गाळ बसायची टाकी आणि तेल अडवायचा कप्पा यांची सोय बघा, आणि ड्रेनेजची जोडणी महापालिकेला विचारून घ्या. नंतर फरशी फोडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. पाणी मोजायचीही सवय लावा. उघडा पाइप मिनिटाला १० ते १५ लिटर सोडतो, छोटा प्रेशर वॉशर ६-७ लिटर. टँकर विकत घेणाऱ्याला हा फरक महिनाअखेरीस खिशात दिसतो.

आजचा गृहपाठ

१. स्वतःची किंवा घरातली गाडी वरच्या क्रमाने धुवा आणि प्रत्येक टप्प्याची वेळ लिहा.
२. काम झाल्यावर साध्या पाण्याची बादली दहा मिनिटं स्थिर ठेवा आणि तळाशी किती माती बसली ते बघा.
३. तुमच्या भागातले दर भरून गाडीमागचा खर्च काढा. तो आकडा हातात येईपर्यंत मशीनचा ॲडव्हान्स देऊ नका.

हात आधी तयार करा, मशीन मागून येईल. भेटू पुढच्या धड्यात.