युरियाचं पोतं नेमकं कोणाच्या पैशानं येतं?



गेल्या हंगामात आडसाली लागणीच्या नोंदी चालू असताना गट ऑफिसात एक सभासद आले. नोंद झाली, चहा झाला, तरी ते उठेनात. शेवटी म्हणाले, "साहेब, एक हिशेब करून द्या. आमचे दादा पुण्यात नोकरीला. परवा वास्तुशांतीला चार माणसांत म्हणाले, 'तुम्हा बागायतदारांचं बरंय. कर नाही, वर खत फुकट. पगारातून कापलं जातं ते आमच्या.' मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही."

ऊस विकास खात्याचं काम बेणं, खत, पाणी यांचं. कर आणि अर्थसंकल्प हा काही आमचा विषय नव्हे. पण हाच वाद हल्ली पारावर, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतो आणि त्यात खताचं पोतं मधे असतं. पोतं मात्र आमच्या खात्यात येतं. म्हणून आम्ही थोडे आकडे जमवले. ते काही आपल्या बाजूचे आहेत, काही नाहीत. दोन्ही वाचावेत.

आधी दादांचा पहिला मुद्दा, कराचा. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे खरं. घटनेनंच हा विषय राज्यांकडे दिला आहे आणि १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १० (१) खाली शेती उत्पन्न वगळलेलं होतं. मोठ्या शेतकऱ्याकडून काही घ्यावं का, हा प्रश्नही नवा नाही. १९७२ साली के. एन. राज समितीनं जमिनीच्या धारणेवर कर बसवावा अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. १९७३ पासून एवढं झालं की, ज्याला शेती आणि बिगरशेती दोन्ही उत्पन्नं आहेत त्याच्या बिगरशेती कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न मिळवून धरू लागले.

पण सवलत आहे म्हणजे प्रत्येक शेतकरी मोठा कर चुकवतो असं नव्हे. केंद्राच्या नमुना पाहणीत २०१८-१९ साली शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात मजुरी आणि दुधाचा पैसाही आला. वर्षाचे होतात सव्वा लाखाच्या आत. त्या वर्षी अडीच लाखांपर्यंत कोणालाच आयकर नव्हता. म्हणजे सवलत उद्या काढली तरी बहुतेक शेतकऱ्यांना भरायला काही निघणार नाही. आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पगारदारालाही आयकर लागत नाही. दादांचा पगार किती ते आम्ही विचारलं नाही. तो प्रश्न त्यांच्या भावानंच विचारावा, तोही जपून.

सवलतीचा खरा फायदा कोण घेतो, तर ज्याचा धंदा दुसराच आहे आणि सातबारा नुसता आडोशाला आहे तो. त्याच्यामुळे नाव मात्र आपलं बद्दू होतं. अशांची चौकशी व्हायला आपली हरकत असू नये, असं आमचं मत आहे.

आता जो कर आपण भरतो पण पावतीवर बघत नाही, त्याकडे वळू. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून खतावर ५ टक्के. रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. ट्रॅक्टरवर आणि ठिबकच्या संचावर १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. डिझेल जीएसटीत नाहीच. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. दुकानदार किंवा कारखाना आपल्या खरेदीवरचा जीएसटी विक्रीवरच्या करातून वजा करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही. उसावर जीएसटी नाही, म्हणून वजा करायचा तरी कशातून? हजार रुपयांच्या औषधावरचे १८० रुपये त्याच्याच अंगावर बसतात. तेव्हा "शेतकरी कर भरत नाही" हे वाक्य चूक आहे. "आयकर भरत नाही" एवढंच बरोबर.

शिवाय कराचं नाव नसलेला करही आपण दिला. जुन्या सभासदांना लेव्हीची साखर आठवत असेल. कारखान्याच्या साखरेतला ठरावीक हिस्सा सरकार बाजारापेक्षा कमी भावानं रेशनसाठी घेई. एके काळी तो हिस्सा निम्म्याहून जास्त होता, शेवटी १० टक्के राहिला. रंगराजन समितीच्या अहवालानंतर एप्रिल २०१३ मध्ये लेव्ही बंद झाली. रेशनवरच्या स्वस्त साखरेचा फरक इतकी वर्षं उसाच्या दरातून गेला, पण अर्थसंकल्पाच्या कुठल्याही पानावर तो 'शेतकऱ्यांनी भरलेला कर' म्हणून दिसला नाही. सहकारी कारखान्यांनी किमान दरापेक्षा जादा दिलेला ऊसदर हा खर्च नसून नफ्याचं वाटप आहे, असं आयकर खातं वर्षानुवर्षं धरत होतं, तेही आपण वार्षिक सभेत ऐकलं आहे. २०१५ च्या वित्त कायद्यानं पुढचा आणि २०२३ च्या अर्थसंकल्पानं मागचा प्रश्न सोडवला. त्या वेळी सवलतीचा अंदाज सुमारे १० हजार कोटी रुपये सांगितला गेला.

इथवर सभासद खूश होते. "आता दादाला फोन लावतो," म्हणाले. आम्ही म्हटलं, थांबा आबा, पोतं अजून बाकी आहे.

निंबोळीयुक्त युरियाचं ४५ किलोचं पोतं आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. कर आणि निंबोळी लेप सोडला तर मूळ किंमत २४२. केंद्र सरकारनं २०२३ साली सांगितलं की, असं एक पोतं प्रत्यक्षात सुमारे २,२०० रुपयांना पडतं. जगातल्या गॅसच्या भावाप्रमाणे ही रक्कम कमी-जास्त होते, कारण युरिया गॅसपासून बनतो आणि गॅस बराचसा बाहेरून येतो. पण त्या हिशेबानं एका पोत्यामागे साधारण १,९५० रुपये तिजोरीतून गेले.

आता आपल्या आडसालीला लावून बघा. शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, म्हणजे एकरी १६०. सगळं नत्र युरियातून धरलं तर ३४८ किलो, पावणेआठ पोती. त्यावर सरकारचे सुमारे १५ हजार रुपये झाले. किसान सन्मान निधीचे वर्षाला ६ हजार येतात त्याची गावभर चर्चा. हे १५ हजार कोणाच्या खिशात दिसत नाहीत म्हणून त्यांची चर्चा नाही. जिरायत बाजरीवाला एखादं पोतं टाकतो, त्याच्या वाट्याला त्या मानानं किरकोळ. हे अनुदान माणसाला नाही, पोत्याला आहे. ज्याला पाणी आहे त्यालाच ते जास्त मिळतं. दादांच्या बोलण्यात एवढा भाग खरा आहे.

देशाच्या हिशेबात हे कुठं बसतं? २०२२-२३ साली खतांवरचं अनुदान अडीच लाख कोटींवर गेलं होतं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १ लाख ६८ हजार कोटी धरले. ही रक्कम त्या वर्षीच्या संपूर्ण कृषी मंत्रालयाच्या तरतुदीपेक्षा मोठी आहे. एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटींचा. शंभर रुपये खर्च धरला तर खताला ३ रुपये ३० पैसे, रेशनच्या धान्याला ४, संरक्षणाला १३ च्या वर आणि जुन्या कर्जाच्या व्याजाला २५. पंगतीतला वाद खतावर आणि रेशनवर होतो. व्याजाचं नाव कोणी काढत नाही. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करणाऱ्यांना ते पंचवीस रुपये अधिक समजवायला नकोत.

आम्हाला खरी काळजी वाटते ती वेगळीच. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशच्या खतांना अन्नद्रव्याप्रमाणे अनुदान ठरलं आणि त्यांचे भाव मोकळे झाले. युरिया तेवढा बांधलेला राहिला. आधी पोटॅशचं पोतं सव्वादोनशेच्या आसपास होतं, ते दोन-तीन वर्षांत तिपटीहून वर गेलं. मग शेतकऱ्याचा हात साहजिकच स्वस्त पोत्याकडे गेला. आम्हीही त्या वर्षांत मेळाव्यातून "पालाश टाका" म्हणत राहिलो, पण युरिया कमी करा हे ठणकावून सांगितलं नाही. पिवळा पडलेला ऊस चार दिवसांत काळाभोर झाला की सभासद खूश, आम्हीही खूश.

त्या सभासदांना विचारलं, एकरी युरिया किती टाकता? म्हणाले, बारा पोती. म्हणजे सव्वाचार पोती जादा. त्यांच्या खिशातून साडेअकराशेच्या आत गेले, तिजोरीतून ८ हजारांवर. आणि उपयोग? जादा नत्रानं ऊस लुसलुशीत वाढतो, लोळतो, किडीला बळी पडतो, पक्वता लांबते आणि साखर कमी बसते. एफ.आर.पी. उताऱ्यावर ठरते आणि उतारा मोजतात तो सगळ्या कारखान्याचा. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये आणि त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे असा दर होता. टनाला ३४ रुपये ६० पैसे झाले. साठ टन ऊस देणाऱ्याला ०.१ टक्का उतारा म्हणजे दोन हजार रुपये. एकाच्या बारा पोत्यांचा भुर्दंड असा शेजाऱ्यालाही पडतो.

ते गप्प बसले. मग म्हणाले, "दादाला हे सांगू का?" आम्ही म्हटलं, जीएसटीचं सांगा, लेव्हीचं सांगा, आणि पोत्याचंही सांगा. दोन्ही सांगितलं तर ते ऐकतील असं वाटतं.

तर या लागणीला एवढं करावं. शेणखत टाकण्याआधी माती नमुना गट ऑफिसात आणून द्यावा. बांधाकडेची, उकिरड्याजवळची माती घेऊ नये. नत्र एकदम न देता लागणीवेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के असं द्यावं. युरिया सरीत फेकू नये, मुळाजवळ देऊन मातीआड करावा. खोडव्याचं पाचट पेटवू नये. दुकानदार युरियासोबत नको असलेला माल गळ्यात मारत असेल तर पक्कं बिल घेऊन आमच्याकडे यावं.

त्या सभासदांनी यंदा दोन एकरांपैकी एका एकरात आठ पोत्यांचं नियोजन केलं आहे, दुसऱ्यात बाराच. दोन्ही उसांचं वजन आणि ब्रिक्स तोडणीच्या वेळी आम्ही घेणार आहोत. दादाही दिवाळीला येऊन प्लॉट बघून गेले, असं स्लिपबॉयकडून कळलं.