मुख्याध्यापिकेची पीएच.डी.: कोल्हापूरला की धारवाडला?

प्रश्न : मी निपाणी तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. एम.एड. होऊन बरीच वर्षं झाली. शाळा सांभाळून शालेय प्रशासन किंवा शैक्षणिक नेतृत्व या विषयात पीएच.डी. करता येते का? कोल्हापूर गाठावं की बेळगाव-धारवाड? सहकारी हसतात, म्हणतात, "आता हे वय आहे का? आणि पगार एक रुपयानं तरी वाढणार आहे का?" माझी पुतणी अमेरिकेत असते. तिच्या मुलीच्या शाळेचे प्रिन्सिपल 'डॉक्टर' आहेत, पण पीएच.डी. नाहीत म्हणे. हा काय प्रकार?

उत्तर : बाई, सहकाऱ्यांचं पगाराचं गणित चुकलेलं नाही. पीएच.डी.साठी यूजीसीच्या नियमांत ज्या जादा वेतनवाढी आहेत, त्या महाविद्यालय-विद्यापीठातल्या प्राध्यापकांसाठी. शाळेच्या मुख्याध्यापकांना त्या लागू नाहीत. उद्या बी.एड. कॉलेजात जायचा विचार असेल तर पदवी उपयोगी पडेल, पण तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

वयाचं मात्र त्यांना सोडून द्यायला सांगा. पीएच.डी.च्या प्रवेशाला वयाची वरची अट नाही. हिशेब करायचा तो निवृत्तीचा. पीएच.डी.चे सध्याचे नियम यूजीसीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये काढले. त्यांनुसार कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी केली तर आणखी २. महिलांना त्यावर आणखी २, म्हणजे तुम्हाला एकूण १० वर्षांपर्यंत सवड आहे. कर्नाटकात सरकारी निवृत्तीचं वय ६०. प्रबंध मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत असतानाच पुरा व्हावा असं वाटत असेल, तर बोटं मोजून घ्या. या नियमांतली आणखी एक तरतूद लोकांच्या ध्यानात येत नाही. ज्या मार्गदर्शकाच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली आहेत, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा स्वतःचं वय मोजताना गाईडचंही मोजा.

नोकरी करून, म्हणजे अंशकालीन पीएच.डी. करायला या नियमांत स्पष्ट परवानगी आहे. अट एकच, ना हरकत प्रमाणपत्राची. त्या कागदात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात : तुम्हाला अंशकालीन अभ्यासाची मुभा आहे, तुमच्या कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी तुम्हाला कामातून मोकळं केलं जाईल. पहिलं वाक्य कोणताही साहेब लिहून देतो. गाडी अडते ती तिसऱ्यावर. दोन शिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापिकेला मोकळं करायचं तर त्या दिवशी दुसऱ्या शिक्षकानं सगळे वर्ग, दूध आणि अक्षर दासोहचं जेवण एकट्यानं बघायचं. म्हणून अर्ज टाकण्याआधी बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात जाऊन तिसऱ्या वाक्याचं काय ते विचारून या. नंतर धावपळ नको.

प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत (राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सूट). २०२४ पासून नेट परीक्षेचे गुणही पीएच.डी.च्या प्रवेशाला चालतात. त्यात ७० टक्के वजन परीक्षेला आणि ३० टक्के मुलाखतीला. मात्र त्या गुणांची मुदत एक वर्षाची, आणि शिक्षणशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते. काही विद्यापीठं स्वतःची प्रवेशपरीक्षाही घेतात. पुढं किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आणि दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढं हजेरी. तिथं प्रगती सांगावी लागते. हेडमास्तरांना दर महिन्याच्या मीटिंगची सवय असते, त्यामुळं हे जड जाऊ नये.

आता कोल्हापूर की धारवाड. निपाणीकरांना हा प्रश्न नवा नाही. तुमच्याच गावचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्राच्या जमिनीवर आहे आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. गावातलंच बागेवाडी कॉलेज बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली येतं. एकाच घरातली दोन भावंडं पायी जाण्याच्या अंतरावर दोन राज्यांच्या विद्यापीठांत शिकतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

अंतराचं म्हणाल तर कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर. राणी चन्नम्मा विद्यापीठाचा भूतरामनहट्टीचा परिसर हायवेलगत, बेळगावच्या अलीकडं. हिरेबागेवाडीचा नवा परिसर मात्र बेळगावच्या पलीकडं, धारवाडच्या वाटेवर. धारवाड त्याहून लांब. शिक्षणशास्त्राचे जुने विभाग कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात (१९४९) आहेत. पदवी कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची असो, देशभर सारखीच चालते. सीमाप्रश्नाचा तिच्याशी संबंध नाही.

माझं मत विचाराल तर एस.टी.चा मार्ग बघून विद्यापीठ ठरवू नका. प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ इतकेच पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. तुमच्या विषयात रस असलेल्या माणसाकडं जागा रिकामी आहे का, एवढं आधी शोधा. ती जिथं असेल ते तुमचं विद्यापीठ. एक बारीक अडचण मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडं मोठी सुटी दसऱ्याला, कोल्हापूरकडं दिवाळीला. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला भरतात, आपल्याकडं मे संपता संपताच. सुट्टीत कोल्हापुरात बसून काम उरकू म्हणाल, तर तुमची सुटी आणि त्यांची सुटी एकमेकींना चुकवत राहतील.

पुतणीचं म्हणणं बरोबर आहे, ते प्रिन्सिपल बहुधा एड.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) असतील. अमेरिकेत शिक्षणातली पहिली पीएच.डी. कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजनं १८९३ मध्ये दिली. हार्वर्डनं १९२० मध्ये एड.डी. नावाची वेगळी पदवी सुरू केली. शाळा चालवणाऱ्यांना विद्यापीठाच्या संशोधकासारखा नव्हे, तर आपल्या कामातला प्रश्न सोडवणारा अभ्यास हवा, हा त्यामागचा विचार. गंमत म्हणजे ती पदवीही हळूहळू पीएच.डी.सारखीच जाडजूड होत गेली. मग २००७ मध्ये अनेक विद्यापीठांनी कार्नेगी प्रकल्पाखाली एकत्र येऊन तिची फेरमांडणी सुरू केली. २०१० मध्ये हार्वर्डनं शैक्षणिक नेतृत्वाची तीन वर्षांची नवी पदवी काढली. तिच्या तिसऱ्या वर्षी विद्यार्थी एखाद्या शिक्षणसंस्थेत दहा महिने प्रत्यक्ष काम करतो आणि त्यावर लिहितो. आपल्याकडं ही वाट रुजली नाही. इथं पीएच.डी.च. पण पीएच.डी. करतानाही एड.डी.ची नजर ठेवायला कुणी अडवत नाही.

खरी मेख आहे ती विषयाची. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात. एखाद्या रविवारी तिथं 'मुख्याध्यापक' आणि 'नेतृत्व' हे दोन शब्द घालून बघा. अमुक जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांची नेतृत्वशैली आणि शिक्षकांचं समाधान यांचा संबंध, असे प्रबंध एकामागून एक दिसतील. दोन प्रश्नावल्या, काही शे शिक्षक, एक तक्ता, आणि शेवटी शिफारस : मुख्याध्यापकांना प्रशिक्षण द्यावं. त्यासाठी सहा वर्षं घालवायची गरज नव्हती. नेतृत्वाचा मुलांच्या शिकण्याशी संबंध आहे, हे केनेथ लीथवूड आणि सहकाऱ्यांनी २००४ च्या अहवालात बऱ्याच पुराव्यांनिशी मांडलं आहे. शाळेच्या आतल्या गोष्टींत वर्गातल्या शिकवण्याखालोखाल त्याचाच नंबर लागतो. आता प्रश्न उरतो तो निपाणीतल्या शाळेत ते कसं घडतं किंवा कसं अडतं, याचा. त्याचं उत्तर दिल्लीहून किंवा बेंगळुरूहून येऊन कुणी शोधणार नाही.

तुमचा एखादा सकाळचा तास आठवा. व्हॉट्सॲपवर वरून कन्नडमधला आदेश आलेला. तो वाचून शिक्षकांना मराठीत सांगायचा, आणि शाळेच्या समितीच्या, म्हणजे एसडीएमसीच्या, अध्यक्षांना त्यांना कळेल असा. तेवढ्यात क्लस्टरच्या सीआरपींचा फोन, विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीत (एसएटीएस) अमुक मुलाची नोंद राहिली. गेटजवळ एक पालक उभे, त्यांना मुलाला इंग्रजी माध्यमात घालायचं आहे म्हणून दाखला हवाय. या तासाभरात तुम्ही किती निर्णय घेता, त्यातले किती कन्नडमधून मराठीत येताना बदलतात, आणि बदलले तर जबाबदारी कुणाची? मराठी शाळा कन्नड प्रशासनाखाली चालवणं हे वेगळंच कसब आहे, आणि तुम्ही ते रोज वापरता. यावर प्रबंध उभा राहतो.

दुसरा विषय ऊसतोड्यांच्या मुलांचा. दसरा-दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या आपल्याकडच्या कारखान्यांवर येतात, शिवारात कोप्या पडतात. मुलं मराठी शाळेतली, पण दुसऱ्या राज्याच्या पटावरची. त्या चार-पाच महिन्यांत जवळच्या मराठी शाळेचा मुख्याध्यापक त्यांना वर्गात बसवतो का? बसवलं तर हजेरी कुठं मांडतो, जेवण कुणाच्या हिशेबात धरतो? इथं नियमाचं पुस्तक संपतं आणि मुख्याध्यापकाचा स्वतःचा निर्णय सुरू होतो. नेतृत्व म्हणजे काय हे बघायला याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

मात्र एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. स्वतःच्याच शाळेत, स्वतःच्याच शिक्षकांच्या मुलाखती घेऊ नका. तुमच्या हाताखालच्या गुरुजींना समोर बसवून "माझ्या नेतृत्वाला पाचपैकी किती?" विचारलं, तर पाचच मिळणार, वर चहाही येणार. त्यांचा सीआर (गोपनीय अहवाल) तुमच्या हातात आहे, ते खरं का बोलतील? दुसऱ्या क्लस्टरमधल्या शाळा घ्या. किंवा हॅरी वॉल्कॉटनं केलं तसं करा. अमेरिकेत ओरेगनमध्ये हा मानववंशशास्त्रज्ञ दोन वर्षं एका प्राथमिक शाळेच्या प्रिन्सिपलच्या मागं सावलीसारखा फिरला. बैठकीत, फोनवर, शाळेबाहेर, सगळीकडं. १९७३ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि प्रिन्सिपलचा दिवस कसल्या बारीकसारीक कामांत जातो हे पहिल्यांदा नीट कळलं. तुम्हाला दोन वर्षं कुणाच्या मागं फिरता येणार नाही. पण शेजारच्या क्लस्टरमधल्या चार मुख्याध्यापकांचे महिन्यातून दोन-दोन दिवस, वर्षभर, वहीत मिनिटांसकट टिपले, तरी तसं काम आपल्या भागात विरळाच.

आणि हो, मुख्याध्यापकानं कशाला संशोधन करायचं असं कुणी म्हणालं, तर जे. पी. नाईकांचं नाव घ्या. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत १९०७ मध्ये जन्मलेला हा माणूस. धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरीत गावकाम केलं. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं केलं. १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली, ती पुढं पुण्याला आली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. आसपासच्या शाळांनी मिळून एक संकुल करावं ही त्या आयोगाची सूचना २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पुन्हा आली. नाईकांची शिक्षण प्रशासनाची समज गावांतून, बोर्डांतून आणि कचेऱ्यांतून आलेली होती. ती त्यांनी कागदावर आणली आणि देशाच्या धोरणात उतरवली.

प्रश्न : प्रबंध मराठीत लिहिता येतो का? (बेळगाव)

उत्तर : शिवाजी विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे मराठी प्रबंध झाले आहेत, शोधगंगावर सापडतील. इतरत्र त्या त्या विद्यापीठाचा नियम नोंदणीआधी लेखी मागून घ्या. तोंडी "चालतंय" वर जाऊ नका. आणि मराठीत लिहिलं म्हणून उसनवारी खपून जाईल असंही समजू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालवून घेतात, त्यापुढं शिक्षा आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेतल्या दोन हेडमास्तरांना एका कंपनीचा फोन आला. परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएच.डी. दीड वर्षात मिळेल, फी हप्त्यानं. काय करावं? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : फोन ठेवावा. पीएच.डी. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं देता येत नाही, असं नियमातच आहे. खासगी कंपन्यांच्या मध्यस्थीनं चालणाऱ्या परदेशी ऑनलाइन पीएच.डी.ना मान्यता नाही, हे यूजीसी आणि एआयसीटीईनं ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलं आहे. तीन वर्षांच्या आतली कुठलीही पीएच.डी. आपल्याकडं बसतच नाही, त्यामुळं दीड वर्ष म्हटल्यावरच पुढं ऐकायचं कारण नाही. देशातल्या विद्यापीठाचं नाव सांगितलं तरी तपासून घ्या. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीनं राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पीएच.डी.ची नियमावली न पाळल्याबद्दल पाच वर्षं नवे पीएच.डी. प्रवेश देण्यास मनाई केली. यूजीसीच्या संकेतस्थळावर ती नावं आहेत. हप्ता भरलेला असेल तर पावती जपून ठेवा आणि पैसे परत मागणारं पत्र आजच रजिस्टर्ड पोस्टानं टाका.