परिचारिकेचा अर्ज

कोल्हापूर शहरात टाऊन हॉलच्या बागेजवळ एक जुने रुग्णालय आहे. संस्थानी काळात त्यास आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय म्हणत. आज ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, किंवा थोडक्यात सी. पी. आर., या नावाने सर्वांना परिचित आहे. उजाडते न उजाडते तोच पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा अशा दूरदूरच्या भागांतून आलेले रुग्ण व त्यांचे आप्त तेथे जमू लागतात. कोणाच्या हाती भाकरीचे गाठोडे असते, कोणाच्या हाती औषधांच्या चिठ्ठ्या. सर्वांच्या मुखांवरील चिंता मात्र एकच. त्याच सुमारास रात्रपाळीच्या परिचारिका सकाळच्या पाळीवर आलेल्या परिचारिकांना प्रत्येक रुग्णाची हकीकत सांगत असतात. कोणाचा ताप चढला, कोणी पाणी मागितले, कोणाला झोप लागली नाही, याची बारीकसारीक नोंद त्यांनी ठेवलेली असते. रुग्ण एवढेच जाणतो, की रात्रभर आपल्यासाठी कोणीतरी जागे होते.

अशा परिचारिकेचे शिक्षण घ्यावे, ही इच्छा पुष्कळ मुलींच्या मनात असते. पंचगंगेच्या काठच्या एखाद्या खेड्यातील अशीच एक मुलगी डोळ्यांसमोर आणावी. बारावीची परीक्षा ती उत्तीर्ण झाली आहे. वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. आई दुसऱ्यांच्या शेतावर भांगलणीला जाते. दारात एक म्हैस आहे. तिचे दूध सकाळ-सायंकाळ डेअरीला घालावे लागते. धाकटा भाऊ व धाकटी बहीण शाळेत शिकत आहेत. ही मुलगी शहरातील एका दुकानात काम करते व तिच्या पगारावर घरचा किराणा आणि वडिलांची औषधे चालतात. वडिलांचे अंग पुसणे, त्यांची कूस बदलणे, वेळेवर औषध देणे या गोष्टी तिला कोणी शिकविल्या नाहीत; गरजेनेच शिकविल्या. प्रवेशासाठी लागणारी कागदपत्रे, म्हणजे गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तिने एका पिशवीत नीट जमवून ठेवली आहेत. परंतु अर्ज मात्र अद्यापि भरलेला नाही.

अर्ज भरणे कठीण नसते. कठीण असतो तो अर्जात कोठेही न छापलेला प्रश्न : ही मुलगी तीन वर्षे शिकावयास गेली, तर तिच्या वाट्याचे काम कोण करील आणि तिच्या वाट्याचा पैसा कोठून येईल?

हा प्रश्न नवा नव्हे. परिचारिकांच्या आधुनिक शिक्षणाइतकाच तो जुना आहे. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करून कीर्ती मिळविलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. तेथे शिकणाऱ्या स्त्रियांच्या निवासाची व भोजनाची सोय केलेली होती. शिवाय त्यांना वर्षाला दहा पौंड हाती मिळत. ही रक्कम मोठी नव्हे. परंतु तिच्यामागील विचार मोठा होता. ज्या स्त्रीला स्वतःच्या श्रमावर जगावयाचे आहे, तिला केवळ ‘शिक’ असे सांगून भागत नाही. शिकत असताना तिने खावे काय आणि राहावे कोठे, याचाही विचार शाळेला करावा लागतो.

कोल्हापूरच्या भूमीला हा विचार परका नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरातील शाळेत प्रवेश मिळाला, तरी रात्री अंग टाकावयास जागा आणि दोन वेळची भाकरी मिळाल्याखेरीज त्याचे शिक्षण टिकत नाही, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ साली त्यांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना करविली आणि पुढे निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. म्हणूनच या नगरीला विद्यार्थी वसतिगृहांची जननी असे म्हणतात. विद्येच्या वाटेवरील पहिला धोंडा अनेकदा बुद्धीचा नसून भाकरीचा असतो, ही जाणीव त्या वसतिगृहांच्या पायात आहे.

सी. पी. आर. रुग्णालयाच्या इतिहासातही स्त्रियांच्या शिक्षणाची एक हृद्य कथा गुंफलेली आहे. अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांची नेमणूक येथील स्त्री-विभागावर झाली होती; परंतु कामावर रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्यांचे निधन झाले. ती जागा जणू वाट पाहत राहिली. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने वैद्यकीय शिक्षण घेतले व याच रुग्णालयात रुग्णसेवा केली. त्यांच्या मातोश्री रखमाबाई केळवकर कोल्हापूर संस्थानात मुलींच्या शाळांचे काम पाहत असत. मुलगी पुढे गेली, कारण तिच्या पाठीशी घर उभे होते आणि घराच्या पाठीशी राज्य उभे होते.

घर पाठीशी उभे राहते म्हणजे नेमके काय करते, हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या संसारात पाहावयास मिळते. १८९३ साली कर्वे यांनी बालविधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. आपल्याही हाती एखादी विद्या असावी, या विचाराने आनंदीबाई शुश्रूषेचे व प्रसूतीच्या कामाचे शिक्षण घेण्यास नागपूरला गेल्या. परंतु मागे पुण्यातील घर कोणी चालवावयाचे? ते काम त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांनी पत्करले. पार्वतीबाई स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या व एका मुलाची आई होत्या. बहिणीची चूल सांभाळावयास त्या आल्या आणि त्या घरात त्यांच्याही शिक्षणाचे दार उघडले. पुढे त्या शिक्षिका झाल्या, कर्वे यांच्या आश्रमाच्या आधारस्तंभ ठरल्या आणि संस्थेसाठी निधी जमवीत थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. एका बहिणीला वाट करून देण्यासाठी दुसरी बाजूला सरली, आणि तीच वाट दोघींची झाली !

तथापि, ज्यांना अशी बहीण नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी संस्था लागतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य आरंभिले. पतिनिधनानंतर माहेरी वा सासरी परावलंबी जिणे जगणाऱ्या कितीतरी स्त्रिया त्या काळी होत्या. त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करावे, हा सेवासदनाचा एक प्रमुख हेतू होता. सेवासदनाने आपल्या विद्यार्थिनींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात पाठविण्यास प्रारंभ केला. तेव्हा समाजात मोठी कुजबुज झाली. परक्या माणसाच्या जखमा धुणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाला स्पर्श करणे, रात्री घराबाहेर राहून काम करणे, हे सारे लोकांना कमीपणाचे वाटे. रमाबाई डगमगल्या नाहीत. घरात आजाऱ्याची सेवा करणारी स्त्री पुण्यवान ठरते. तीच सेवा शास्त्र शिकून रुग्णालयात केली, तर हलकी कशी ठरेल? या प्रश्नाचे समर्पक उत्तर टीकाकारांपाशी नव्हते.

परंतु घरची सेवा आणि शिकलेली सेवा यांत भेद आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. वर वर्णिलेली मुलगी वडिलांना वेदना होऊ लागल्या म्हणजे त्यांची कूस बदलते. परिचारिका वेदनेची वाट पाहत नाही. ती ठरलेल्या वेळी रुग्णाची कूस बदलते. एकाच जागी भार पडत राहिला, की तेथील त्वचेचा रक्तपुरवठा मंदावतो आणि पाठीला जखमा होतात, हे तिला ठाऊक असते. मुलगी मायेने कपाळावर हात ठेवते. परिचारिका ताप, नाडी व श्वास मोजून त्यांची नोंद करते. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी ती हात स्वच्छ धुते, कारण रोगजंतू हातांवरूनही प्रवास करतात, हे ती शिकलेली असते. माया ही सेवेची जननी असली, तरी शिस्त ही तिची गुरू होय.

या शिक्षणाच्या आज अनेक पायऱ्या आहेत. सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सर्वसाधारण परिचर्या व प्रसविका पदविकेचा तीन वर्षांचा, तर पदवीचा चार वर्षांचा आहे. पदवीला जाण्यासाठी बारावीला विज्ञानाचे विषय लागतात. पदविकेचे दार इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही उघडे आहे. पदविका घेऊन, परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवून नोकरी करावी व पुढे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाने पदवी मिळवावी, असाही मार्ग आहे. ज्याच्यावर घराचा भार आहे, त्याने लांबचा डोंगर एका दमात चढण्याऐवजी असा टप्प्याटप्प्याने चढावा. ‘त्याने’ असे म्हणावयाचे कारण, की आता मुलगेही हे शिक्षण घेतात. सेवा हा काही केवळ स्त्रियांचाच धर्म नव्हे.

आता पुन्हा त्या खेड्यातील घराकडे वळू या. एके रात्री जेवणे झाल्यावर मुलीने ती पिशवी सर्वांपुढे ठेवली आणि मनातील प्रश्न बोलून दाखविला. क्षणभर कोणी बोलेना. मग वहीच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला गेला. उत्पन्नाच्या दाखल्यावर शुल्कात कोणती सवलत मिळेल, वसतिगृहाचा खर्च किती येईल, घरात काय कमी करावे लागेल, हे एकेक करून लिहिले गेले. घराचे गळके छप्पर यंदा नवे करावयाचे होते. ते पुढे ढकलले. मामाने वडिलांच्या औषधांचा खर्च उचलण्याचे मान्य केले. वडिलांना उठवून बसविण्याचे व त्यांची कूस बदलण्याचे काम धाकट्या भावाने स्वतःहून मागून घेतले, आणि ते कसे करावे हे ताईने त्याला त्याच रात्री दाखविले. तरीही दुकानाच्या पगाराची जागा पुरती भरून निघाली नाही. हिशेबाच्या शेवटी तूट उरलीच. तेव्हा कोपऱ्यात बसलेली आजी म्हणाली, “म्हशीचं मी बघते. तू तुझं नाव घाल जा.”

प्रत्येक घरात हा हिशेब इतका तरी जुळतोच, असे नाही. जेथे तो जुळत नाही, तेथे समाजाने पुढे व्हावे. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि शुल्कसवलती यांचे प्रयोजन तेच आहे. ते उपकार नव्हेत. आज ज्या मुलीला समाज शिकवितो, तीच उद्या त्या समाजाच्या उशाशी रात्रभर जागी राहणार असते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने अर्ज भरला. अर्जावर स्वाक्षरी तिची एकटीची होती; परंतु तो अर्ज साऱ्या घराने मिळून केलेला होता.

स्वाध्याय

१. कागदपत्रे जमविल्यावरही मुलीने अर्ज का भरला नव्हता?
२. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी का म्हणतात?
३. ‘तीच वाट दोघींची झाली’ हे विधान आनंदीबाई व पार्वतीबाई यांच्या संदर्भात स्पष्ट करा.
४. घरची सेवा व शिकलेली सेवा यांतील भेद उदाहरणे देऊन लिहा.
५. आपल्या घरातील कोणाच्या शिक्षणासाठी तुम्ही कोणते काम वाटून घ्याल? आठ-दहा ओळी लिहा.