खर्ड्याच्या अंगणात ऋतूंचा पाठ

पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा हे जामखेड तालुक्यातील गाव इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात येथे लढाई झाली आणि निजामाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. ही सनावळी शाळकरी मुलांना बहुधा तोंडपाठ असते. परंतु याच गावात ११ मार्चला भर दुपारी एक मीटर उंचीची काठी उभी केली, तर तिची सावली सुमारे ४१ सेंटिमीटर पडते. डिसेंबरच्या अखेरीस तीच सावली ९० सेंटिमीटर होते आणि मेच्या मध्यास ती काठीच्या पायाशी नाहीशी होते. ही माहिती पाठ करण्याची नाही, मोजून पाहण्याची आहे. आणि दिवस, रात्र व ऋतू यांचा संपूर्ण पाठ तिच्यात सामावलेला आहे.

उत्तर पाठ, कारण चुकीचे

उन्हाळा का होतो, असे विचारले असता पुष्कळ विद्यार्थी आणि काही सुशिक्षित प्रौढही ‘पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून’ असे उत्तर देतात. चुलीजवळ गेल्यास धग लागते, हा रोजचा अनुभव त्यामागे असतो. म्हणूनच ‘चूक’ असा शेरा मारल्याने ही समजूत जात नाही.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्या वेळी हे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. म्हणजे खर्ड्याच्या शिवारात शाळू ज्वारी थंडीत उभी असते, तेव्हाच सूर्य सर्वांत जवळ असतो. शिवाय अंतरामुळे उन्हाळा होत असता, तर तो साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी झाला असता. प्रत्यक्षात आपल्याकडे हिवाळा असताना ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो. या दोन गोष्टी फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना प्रथम कोड्यात टाकावे. कोडे पडल्यावाचून उत्तराची भूक लागत नाही.

दिवस आणि रात्र

या पाठासाठी खर्चिक साधनांची आवश्यकता नाही. एक मोसंबे घ्यावे, त्यातून विणकामाची सुई आरपार घालावी आणि अंधाऱ्या खोलीत टेबलाच्या मध्यभागी छत्रीविना विजेचा दिवा ठेवावा. मोसंब्याच्या मध्यरेषेपासून वरच्या टोकापर्यंतच्या अंतराच्या सुमारे एक-पंचमांशावर कपाळाची टिकली चिकटवावी. ही टिकली म्हणजे खर्डा, कारण हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १८.६ अंशांवर आहे.

मोसंबे वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सावकाश फिरवावे. टिकली उजेडात येते ती सकाळ, दिव्यासमोर येते ती दुपार आणि अंधारात शिरते ती संध्याकाळ. दिवा जागचा हलत नाही, हे विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हा विचार भारतात नवा नाही. आर्यभटाने तो इसवी सन ४९९ च्या सुमारास मांडला होता. जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरची झाडे मागे जाताना दिसतात, त्याप्रमाणे फिरणाऱ्या पृथ्वीवरून तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्याचे स्पष्टीकरण होते. एस. टी.च्या खिडकीतून मागे पळणारी बाभळीची झाडे पाहिलेल्या मुलांना ते सहज समजते.

येथेच घड्याळाविषयीचा एक मुद्दा सांगता येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे आणि खर्डा सुमारे ७५.५ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. म्हणून खर्ड्याची खरी दुपार घड्याळातील बारा वाजता होत नाही. ती सरासरीने बारा वाजून २८ मिनिटांनी होते आणि वर्षभरात या वेळेच्या थोडी मागेपुढे सरकते. सावली सर्वांत आखूड होते तो क्षण म्हणजे खरी दुपार, हा नियम घड्याळापेक्षा अधिक विश्वसनीय होय.

कललेला आस

ऋतूंच्या पाठात सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात. पृथ्वीचा आस तिच्या कक्षेच्या प्रतलाशी काटकोनात नसून सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. मोसंबे तेवढे कलवून दिव्याभोवती फिरवताना, शिक्षकाच्या हाताबरोबर सुईचे वरचे टोकही नकळत दिव्याकडे वळते आणि सारा पाठ निष्फळ होतो. हे टाळण्यासाठी वर्गाच्या उत्तरेकडील भिंतीवर वरच्या बाजूस ध्रुवताऱ्याचे चित्र लावावे. दिव्याच्या कोणत्याही बाजूस गेले तरी सुईचा कल त्या भिंतीकडेच राहिला पाहिजे.

असे केल्यास एका ठिकाणी सुईचे वरचे टोक दिव्याकडे झुकलेले दिसते, तो जून. समोरच्या बाजूस तेच टोक दिव्यापासून दूर झुकते, तो डिसेंबर. मधल्या दोन ठिकाणी ते कोणत्याच बाजूस झुकत नाही. ते मार्च आणि सप्टेंबर. प्रत्येक ठिकाणी मोसंबे फिरवून टिकली किती वेळ उजेडात राहते, ते पाहावे. खर्ड्यास २१ जूनचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि २२ डिसेंबरचा सुमारे अकरा तासांचा असतो.

दिवसाची लांबी हे उन्हाळ्याचे एक कारण झाले. दुसरे कारण किरणांच्या तिरपेपणात आहे. पाटीवर विजेरीचा झोत सरळ टाकला तर लहान, तेजस्वी वर्तुळ दिसते. पाटी तिरपी केली की तेवढाच उजेड मोठ्या जागेवर पसरतो आणि फिका होतो. डिसेंबरच्या अखेरीस खर्ड्याच्या जमिनीच्या प्रत्येक हातभर जागेला दुपारी जे ऊन मिळते, ते सूर्य माथ्यावर असतानाच्या उन्हाच्या सुमारे तीन-चतुर्थांश असते.

काठी आणि तिची सावली

मोसंब्याचा प्रयोग ही केवळ प्रतिकृती आहे. ती खरी आहे की नाही, याचा निवाडा अंगणातील काठीने करावा. सपाट जागेवर एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी करावी. सव्वाबारापूर्वीपासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि सर्वांत आखूड सावलीची लांबी तारखेसह नोंदवावी. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये, ही सूचना प्रथमच द्यावी. खर्ड्यास मिळणाऱ्या नोंदी साधारणतः पुढीलप्रमाणे असतील:

२१ मार्च व २३ सप्टेंबर: ३४ सेंटिमीटर, उत्तरेकडे.
१४ मे व २९ जुलैच्या सुमारास: सावली नाही.
२१ जून: ८ सेंटिमीटर, दक्षिणेकडे.
२२ डिसेंबर: ९० सेंटिमीटर, उत्तरेकडे.

जूनमध्ये सावली दक्षिणेकडे पडते, हे पाहून मुलांना नवल वाटते. त्या काळात दुपारचा सूर्य खर्ड्याच्या माथ्याच्या उत्तरेस गेलेला असतो. जुलैअखेरची नोंद ढगांमुळे हुकण्याचा संभव आहे. मेमध्ये शाळेला सुटी असते, म्हणून १४ मेचे निरीक्षण घरच्या अंगणात करण्यास सांगावे.

सूर्य जूनमध्येही जवळजवळ माथ्यावर असतो, तर मग कडक उन्हाळा एप्रिल-मेमध्येच का, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर सूर्यात नसून ढगांत आहे. तापलेल्या भूभागाकडे समुद्रावरून बाष्पयुक्त वारे येतात, आकाश झाकोळते आणि तापमान उतरते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील खर्ड्यास त्या वाऱ्यांतील थोडाच पाऊस मिळतो. म्हणून आपला पावसाळा कललेल्या आसाबरोबरच जमीन, समुद्र आणि डोंगर यांवरही अवलंबून आहे.

मृग आणि संक्रांत

या पाठाची अर्धी सामग्री विद्यार्थ्यांच्या घरीच असते. ७ किंवा ८ जूनला मृग लागतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. याचा अर्थ त्या दिवशी सूर्य मृग नक्षत्राच्या भागात प्रवेश करतो. डिसेंबरात संध्याकाळनंतर पूर्वेस ठळक दिसणारे हे नक्षत्र जूनमध्ये दिसत नाही, कारण सूर्य त्याच दिशेला असतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणूनच सूर्यामागची नक्षत्रे पालटतात. रोहिणी, मृग, आर्द्रा ते हस्तापर्यंतची पावसाची नक्षत्रे म्हणजे पृथ्वीच्या परिभ्रमणाची गावाने शतकानुशतके ठेवलेली नोंदवहीच होय.

मकरसंक्रांतीविषयी मात्र थोडी उकल आवश्यक आहे. संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते, असे मुले ऐकत आली आहेत. परंतु काठीची सावली २२ डिसेंबरनंतरच आखडू लागते. सुमारे १७०० वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे अतिशय मंद गतीने डोलतो, त्यामुळे साधारणतः ७२ वर्षांस एक दिवस इतके अंतर पडत गेले. २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचे वर्ष वसंतसंपाताच्या लगतच्या दिवशी सुरू होते, ते सूर्य आणि ऋतू यांचा मेळ राहावा म्हणूनच. सणाचा आनंद त्यामुळे उणावत नाही. तिळगुळाबरोबर मुलांना आकाशाचे एक सत्यही मिळते.

ऊसतोडीस गेलेले विद्यार्थी

हा पाठ एका दिवसात संपणारा नाही. २०१७ मध्ये आलेल्या इयत्ता सातवीच्या भूगोलाच्या पुस्तकात ऋतुनिर्मितीचा पाठ दोन भागांत विभागला होता, तो याच कारणाने. परंतु जामखेड, पाथर्डी आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांच्या वहीत सप्टेंबरची सावली असते, पण डिसेंबरची नसते. परत आल्यावर ती इतरांची नोंद उतरवून घेतात आणि पुन्हा पाठांतराकडे वळतात.

अशा विद्यार्थ्याला निघतेवेळी एक मीटर लांबीची दोरी, कोरी वही आणि एकच काम द्यावे: २२ डिसेंबरला कोपीसमोर तेवढ्याच उंचीचे उसाचे सरळ टिपरे उभे करून सर्वांत आखूड सावली मोजणे. कोल्हापूरच्या परिसरात, म्हणजे सुमारे १६.७ अंश अक्षांशावर, ही सावली ९० ऐवजी ८४ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. एकाच दिवशीच्या दोन सावल्यांतील हे सहा सेंटिमीटर पृथ्वीच्या गोलाईचे आहेत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिसने अशाच दोन ठिकाणच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला होता. गावात राहिलेल्या चाळीस मुलांना जी नोंद घेता येणार नाही, ती गैरहजर मुलाच्या वहीत असेल. मार्चमध्ये तो परतेल तेव्हा वर्गाला त्याची वाट पाहावी लागेल, ही गोष्ट त्याला शाळेत टिकवून ठेवण्यास साह्यभूत ठरू शकते.

ग्रामपंचायतीचा वाटा

या कामी ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती यांना फार मोठा खर्च करावा लागणार नाही. शाळेच्या आवारात झाडाची किंवा इमारतीची सावली न पडणारी चार-पाच हात चौरस जागा सिमेंटने सपाट करून द्यावी, तीवर उत्तर-दक्षिण रेषा आखावी आणि शेजारच्या भिंतीवर नोंदींचा तक्ता रंगवावा. वर्षामागून वर्षे नोंदी भरत गेल्या की गतवर्षीच्या मुलांची मोजणी यंदाच्या मुलांना पडताळता येईल. पर्यवेक्षण अधिकाऱ्यांनी शाळाभेटीत ‘ऋतू कशामुळे होतात?’ एवढेच न विचारता ‘या आठवड्यात सावली किती होती?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून देता येते; दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी मुलांना उन्हात जावेच लागते.