सगळ्यांचं वायफाय लावताना

बाळा, तालुक्याच्या वाचनालयात वायफाय बसवायचं काम तुझ्याकडे आलं, मला फार बरं वाटलं. जन्म याच कामात गेला म्हणून तुझी आत्या चार गोष्टी सांगते. घरचं वायफाय लावणं सोपं. घरातल्या दोघांना वेग मिळाला की काम झालं. इथे अभ्यासिकेत पन्नास-साठ पोरं एकदम बसणार. त्यातल्या सगळ्यात जुन्या फोनवाल्याला शेवटच्या तारखेला फॉर्म भरता आला पाहिजे. प्रत्येक सेटिंग करताना तोच पोरगा डोळ्यांसमोर ठेव.

पहिली गोष्ट ट्रान्समिट पॉवरची. नवखा माणूस ती फुल करून ठेवतो. मग फोनवर सगळ्या दांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. सभेत लाउडस्पीकरवरचं भाषण शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं, पण तिथून कुणी विचारलेला प्रश्न मंचावर ऐकू येत नाही, तसंच हे. अॅक्सेस पॉइंटच्या डब्याचा आवाज मोठा, फोनचा बारीक. म्हणून पॉवर मध्यम ठेव, आणि जागा मोठी असेल तर एका दणकट डब्याऐवजी दोन साधे लाव. डबा उंचावर, उघड्यावर हवा. पुस्तकांचे लोखंडी रॅक सिग्नल अडवतात, आणि माणसांनी भरलेली खोलीही अडवते. त्यामुळे रविवारी रिकाम्या हॉलमध्ये घेतलेल्या चाचणीवर विसंबू नकोस. संध्याकाळी गर्दीच्या वेळी कुणाचा तरी स्वस्तातला जुना फोन घे आणि सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसून बघ.

चॅनलचं म्हणशील, तर २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. शेजारच्या पतसंस्थेचं आणि वरच्या क्लासचं वायफाय कुठल्या चॅनलवर आहे ते आधी फोनवर बघून घे. ३ किंवा ९ वर बसलास तर दोन्हीकडून अडथळा येईल. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेव. ४० केल्यावर वेगाचा आकडा छान दिसतो, पण गर्दीत सगळ्यांचंच अडतं. ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवच. ते भिंतीपलीकडे फारसं जात नाही, पण तिथे चॅनल भरपूर मिळतात. त्यात ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतलाच चॅनल निवड. मधल्या चॅनलवर रडारची चाहूल लागली की डब्याला जागा सोडावीच लागते, आणि ऐन वेळी सगळ्यांचं कनेक्शन तुटतं.

१, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने वेग बंद कर. प्रत्येक नेटवर्क-नावाची हाक सेकंदाला साधारण दहा वेळा जाते, आणि तीही सगळ्यात हळू वेगाने. त्यामुळे नावंही दोनच ठेव, एक लोकांचं आणि एक ऑफिसचं. ही दोन्ही जाळी व्हीलॅनने वेगळी हवीत. देवघेवीचा संगणक, प्रिंटर, कॅमेरे यांतलं काहीही लोकांच्या बाजूने दिसता कामा नये. क्लायंट आयसोलेशन चालू कर, म्हणजे एका फोनला दुसऱ्या फोनमध्ये डोकावता येणार नाही. डब्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल, डब्लूपीएस बंद कर.

आता जी गोष्ट हमखास राहून जाते, ती सांगते. सकाळी सगळं छान चालतं. दुपारनंतर नव्याने आलेल्या पोराच्या फोनवर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ एवढंच दिसतं आणि चाक फिरत राहतं. दांड्या पूर्ण असतात, लाइनही चालू असते. लोक म्हणतात, नेट गेलं. गेलेलं काहीच नसतं, पत्ते संपलेले असतात. नेहमीच्या मांडणीत जेमतेम अडीचशे पत्ते असतात, आणि बऱ्याच राउटरवर एकदा दिलेला पत्ता चोवीस तास अडवून ठेवलेला असतो. पेपर चाळून दहा मिनिटांत गेलेल्या आजोबांचा पत्ताही दुसऱ्या दिवसापर्यंत अडकतो. पत्ता अडवून ठेवायची ही मुदत, म्हणजे डीएचसीपी लीज, एका तासावर आण. बसस्टँडसारखी वर्दळ असेल तर /२३ ची मांडणी कर, पाचशेच्या वर पत्ते मिळतात.

लॉगिन पानाचा कंटाळा करू नकोस. २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि चौकशी त्या घरात राहणाऱ्याच्या मागे लागली. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफायसाठी सूचना काढली: वापरणाऱ्याची ओळख घ्या, ओळखपत्राची प्रत ठेवून किंवा मोबाइलवर पासवर्ड पाठवून. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत चहाच्या टपरीचा मालकही परवान्याशिवाय, नोंदणीशिवाय हॉटस्पॉट चालवू शकतो. ओळखीची आणि हिशोबाची व्यवस्था त्याच्यामागची नोंदणीकृत कंपनी बघते. वाचनालयालाही हा मार्ग सोयीचा आहे, समितीपुढे मांड.

पण ओटीपीत एक मेख आहे. जुन्या इमारतीच्या जाड भिंतींआड मोबाइलची रेंजच नसते, मग एसएमएस येणार कसा? आधी दारापाशी उभा राहा, मग प्रत्येक खोलीत जा आणि ओटीपी कुठे येतो ते बघ. येत नसेल तिथल्या पोरांसाठी काउंटरवर ओळखपत्र बघून कूपन द्यायची सोय ठेव. पानावर मोबाइल नंबरापलीकडे काही विचारू नकोस. आधार, जन्मतारीख आपल्याला कशाला हवी? वायफायचं नेमकं नाव मोठ्या अक्षरांत दाराशी लाव, म्हणजे तसंच दिसणाऱ्या खोट्या नावाला कुणी फसणार नाही.

१०० एमबीपीएसची लाइन असेल तर दर फोनला चार-पाचची मर्यादा घाल. एकाचा फोन अपडेट होत असला तरी बाकीच्यांचं थांबत नाही. यूपीएसवर नुसता डबा नको. फायबरचं यंत्र, राउटर, स्विच सगळं घे. त्यातलं एक जरी बंद पडलं तरी बाकीच्यांचा उपयोग नाही.

आणि एका वेळी एकच सेटिंग बदल. सगळं नीट लागलं की कॉन्फिगरेशनचा बॅकअप घे, आणि वहीत तारीख, आधीचं सेटिंग, नवं सेटिंग आणि कारण लिहून ठेव. ती वही ग्रंथपालांच्या कपाटात ठेव, स्वतःच्या घरी नेऊ नकोस.